लकव्यानंतर घरचा व्यायाम: आधी काय, मग काय आणि मशिन नेमकं केव्हा

लकव्याचा पेशंट घरी आला की पहिल्याच आठवड्यात तीन वस्तू हमखास येतात: हातात दाबायचा स्पंजचा चेंडू, दारावर अडकवायची पुली आणि कुणातरी भाच्याने ऑनलाइन मागवलेलं करंटचं मशिन. पुली खांद्याला घातक, चेंडू बहुतेकांच्या हाताला नको असलेला आणि मशिन फार लवकर आलेलं. दरम्यान पेशंटला पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसता येतं का, हे कुणी पाहिलेलंच नसतं. पुण्यात घरोघरी जाऊन न्यूरो फिजिओथेरपी करताना हा उलटा क्रम इतका दिसतो, की सुलटा क्रम एकदा लिहून काढणं भाग आहे.

खालचे टप्पे डॉक्टरांनी घरी सोडलेल्या, तब्येत स्थिर असलेल्या पेशंटसाठी आहेत. कॅलेंडर बघून पुढे जायचं नाही. जिथे टप्प्याच्या शेवटी तपासणी दिली आहे, तिथे ती जमली की पुढे.

आधी हे वाचा. तोंड नव्याने वाकडं होणं, बोलणं अचानक अडखळणं, चांगल्या बाजूची शक्ती जाणं, एकदम तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर व्यायाम बंद आणि १०८ ला फोन. लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. "जरा पडू दे, बरं वाटेल" यात ही वेळ निघून जाते. एका पोटरीला सूज आली, ती दुखायला लागली तर तेल लावून चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा १: डिस्चार्जच्या आधीची तयारी

बिलाच्या रांगेत उभं राहण्याआधी वॉर्डातल्या डॉक्टरांकडून या गोष्टी कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत विसरलं जातं.

१. मेंदूतला झटका, ज्याने लकवा झाला, गुठळीचा होता की रक्तस्रावाचा?
२. व्यायामाआधी बीपी किती असलं तर चालेल, आणि किती असलं तर त्या दिवशी व्यायाम नाही? पेशंटनुसार आकडे बदलतात, शेजाऱ्यांचे आकडे वापरू नका.
३. गिळण्याची तपासणी झाली का? चहा-पाणी तसंच द्यायचं की दाट करून?
४. पेसमेकर आहे का, फिट आली होती का? करंटच्या उपचाराचा निर्णय यावर ठरतो.
५. खांदा सांध्यातून खाली ओघळला आहे का?

घरातली तयारी त्याच दिवशी सुरू करा. पलंग लकव्याच्या बाजूने भिंतीला चिकटवू नका. माणसं त्या बाजूने आली, बोलली, पाणी दिलं, तर पेशंटचं लक्ष तिकडे जातं. सतरंज्या, पायपुसणी आणि वायरी उचला. कमोडशेजारी पकडायला दांडा बसवून घ्या. हॉस्पिटलसारखा पलंग, व्हीलचेअर, कमोड खुर्ची यांतलं काहीही लगेच विकत घेऊ नका. पुण्यात हे सगळं भाड्याने मिळतं आणि दोन महिन्यांत गरज पूर्ण बदललेली असते.

एक वस्तू मात्र लागेलच: हाताची, जड, लाकडी किंवा लोखंडी खुर्ची. प्लास्टिकची खुर्ची नको. उठताना पेशंट एका हातावर भार टाकतो आणि ती तिरकी होऊन सटकते.

फिजिओथेरपिस्ट ठरवताना दोन प्रश्न विचारा: महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, आणि लकव्याचे पेशंट नियमित बघता का? गुडघे आणि कंबर बघणारा माणूस उत्तम असेल, पण हे काम वेगळं आहे. होम व्हिजिट परवडत नसेल तर ससून, पिंपरीचं वायसीएम किंवा संचेतीसारख्या फिजिओ कॉलेजच्या ओपीडीत चौकशी करा. बोटांच्या कामासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि बोलण्या-गिळण्यासाठी स्पीच थेरपिस्ट लागतात. सगळं फिजिओवर टाकू नका.

तपासणी: बीपीचे आकडे, गिळण्याबद्दलची सूचना आणि फिजिओच्या पहिल्या भेटीची तारीख हातात आहे? मगच अँब्युलन्स बोलवा.

## टप्पा २: खांदा वाचवा

घरात सर्वात जास्त नुकसान खांद्याचं होतं आणि ते प्रेमापोटीच होतं. सुरुवातीला हात लुळा असतो, सांध्याला धरून ठेवणारे स्नायू काम करत नाहीत. त्यात कुणी काखेत हात घालून उचलतं, कुणी मनगट धरून ओढतं. आठवड्याभरात खांदा दुखायला लागतो आणि मग पेशंट कुणालाच हाताला हात लावू देत नाही. पुढचे सगळे टप्पे तिथेच अडतात.

झोपवताना. उताणं झोपवलं तर दुबळ्या खांद्याखाली, पाठीच्या फऱ्यासकट (खांद्यामागचं चपटं हाड), चपटी उशी द्या. चांगल्या कुशीवर झोपवलं तर दुबळा हात पुढे घेऊन पूर्ण उशीवर ठेवा, मनगट उशीवरून लोंबकळायला नको. दुबळ्या कुशीवरही झोपवता येतं, फक्त खालचा खांदा थोडा पुढे काढून घ्या म्हणजे अंगाचं वजन त्याच्या टोकावर येत नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदला.

हात हलवताना. एक हात फऱ्यावर, दुसऱ्या हाताने कोपर धरा. अंगठा बाहेरच्या बाजूला वळवून हात सावकाश उचला. सुरुवातीला खांद्याच्या उंचीपर्यंतच. त्याच्या वर फक्त थेरपिस्ट नेईल.

पुली नको. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लकव्याच्या खांद्यासाठी डोक्यावरची पुली वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. चांगला हात जोरात ओढतो, दुबळ्या खांद्याचा फरा मात्र त्याच्याबरोबर फिरत नाही, आणि आतले मऊ भाग चेमटतात.

गळ्यातली झोळी उभं राहताना आणि चालताना ठीक. दिवसभर घातली तर हात पोटाशी वाकून तसाच ताठर होतो. बसलेलं असताना हात समोरच्या टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर असू द्या.

तेल लावायला हरकत नाही, हलक्या हाताने. पण गावाकडचा कुणी "हात मोकळा करून देतो" म्हणून हिसका देणार असेल तर दारातूनच परत पाठवा. गरम पाण्याच्या पिशवीबाबतही तेच. त्या बाजूला चटका जाणवत नसेल तर कातडी भाजते आणि पेशंट हूं की चूं करत नाही.

या टप्प्यावर मशिनचा एक उपयोग आहे. खांदा ओघळला असेल तर थेरपिस्ट खांद्याभोवतीच्या स्नायूंना करंट देऊन ते ओघळणं कमी करायला मदत करतात. पॅड कुठे लावायचे हे त्यांनीच ठरवायचं.

तपासणी: खांदा न दुखता हात खांद्याच्या उंचीपर्यंत नेता येतो? मनगट-बोटांवर सूज नाही? दोन्ही ठीक असेल तर पुढे.

## टप्पा ३: बसणं आणि उठून उभं राहणं

घाईचं नुकसानही मोजून झालेलं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि दोन हजारांहून जास्त पेशंट असलेल्या एका मोठ्या चाचणीत, झटक्यानंतर पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवायला सुरुवात केलेल्या पेशंटची प्रगती नेहमीच्या काळजीपेक्षा कमी झाली. त्यामुळे हॉस्पिटलात "अजून चालवत का नाहीत" म्हणून नर्सशी भांडू नका. घरी आल्यावर मात्र दिवसभर पडून राहणं वाईट.

पहिल्यांदा बसवताना पाय खाली सोडून दोन मिनिटं थांबा आणि बीपी बघा. चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर परत आडवं करा. जेवण, चहा, औषधं नेहमी ताठ बसवूनच, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. टीव्ही बंद ठेवा. गिळताना लक्ष गिळण्यावरच हवं.

बसणं स्थिर झालं की खुर्चीतून उठणं. माझ्या मते घरी करण्यासारखा सर्वात मोलाचा व्यायाम हाच, आणि सर्वात वाईट पद्धतीने केला जाणाराही हाच. नीट क्रम असा:

१. खुर्ची भिंतीला टेकवा. बैठक गुडघ्यांपेक्षा जरा उंच हवी. कमी असेल तर घट्ट गादी घाला, लोळणारी उशी नको.
२. पेशंटला बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर सरकवा. पूर्ण मागे टेकलेला माणूस उठूच शकत नाही.
३. दोन्ही टाचा जमिनीवर, गुडघ्यांच्या किंचित मागे. दुबळं पाऊल चांगल्या पावलापेक्षा बोटभर मागे ठेवा. उलटं ठेवलं तर सगळा भार चांगला पाय उचलतो आणि दुबळा नुसता सोबतीला असतो.
४. हात एकमेकांत गुंफून पुढे.
५. आता कमरेतून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत. इथे पेशंट घाबरतो, मागे रेलतो आणि घरचे हात ओढतात. ओढू नका. समोर स्टूल ठेवा आणि गुंफलेले हात त्याच्यापर्यंत न्यायला सांगा.
६. ढुंगण उचललं की गुडघे सरळ, मान वर.
७. बसताना तीन आकडे मोजत सावकाश. धप्पकन बसणं म्हणजे अर्धा व्यायाम वाया.

मदतनीस नेहमी दुबळ्या बाजूला. एक हात दुबळ्या गुडघ्यावर, दुसरा कमरेच्या रुंद पट्ट्यावर. लेंग्याची नाडी किंवा गाऊन धरू नका. सुरुवात पाच वेळा, दिवसातून तीन-चारदा. दम लागून बोलता येईनासं होण्याआधी थांबा.

इथे उपयोगी पडणारं तंत्रज्ञान अगदी साधं आहे: घरात वापरायचे दोन एकसारखे, बुटके वजनकाटे. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून प्रत्येक पावलाखाली एक काटा ठेवून उभं करा, शेजारी माणूस असू द्या. साठ किलोच्या माणसाचा दुबळ्या पायाखालचा काटा १५ दाखवत असेल तर बाकीचे ४५ कुठे गेले हे पेशंटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. आम्ही दहादा "वजन टाका" म्हणण्यापेक्षा तो आकडा जास्त काम करतो.

तपासणी: हात न वापरता सलग पाच वेळा उठता-बसता येतं, आणि उभं असताना दुबळ्या पायावर निम्म्याच्या जवळपास भार येतो? मगच चालण्याकडे वळा. आधार अजून लागत असेल तर थेरपिस्टशिवाय चालवू नका.

## टप्पा ४: चालणं, जिना आणि बाहेर

काठी चांगल्या हातात. क्रम: काठी, मग दुबळा पाय, मग चांगला. सुरुवातीला चार पायांची काठी बरी, पण तिच्यावर कायम रेलायची सवय लावू नका.

पाऊल लोंबत असेल तर दोन मार्ग आहेत. एक, बुटात घालायचा प्लास्टिकचा एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार. दुसरा, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या नसेला प्रत्येक पावलागणिक करंट देऊन पंजा वर उचलणारं एफईएस मशिन. दोन्हींची तुलना केलेल्या चाचण्यांत चालण्याच्या वेगात साधारण सारखाच फायदा दिसला आहे. म्हणून एएफओपासून सुरुवात करायला मी सांगते. तो स्वस्त आहे, चार्ज करावा लागत नाही. रोज काढल्यावर घोटा आणि टाच बघा. लाली बराच वेळ गेली नाही तर तो दुरुस्त करून घ्या. एफईएस घ्यायचंच असेल तर आधी थेरपिस्टकडे चालवून बघा. पेसमेकर असेल तर कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय हातही लावू नका.

पट्ट्याने टांगून ट्रेडमिलवर चालवण्याचीही खूप चौकशी होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४०८ पेशंटच्या अमेरिकन चाचणीत या पद्धतीचे पेशंट आणि थेरपिस्टने घरी येऊन ताकद-तोलाचे व्यायाम करून घेतलेले पेशंट वर्षअखेर सारखेच सुधारले. सेंटर घराजवळ असेल तर जरूर जा. पण हडपसरहून बाणेरला रिक्षाने जाऊन-येऊन पेशंट दमत असेल, तर तीच शक्ती घरच्या सरावात घाला.

जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. पेठांतल्या वाड्यांच्या पायऱ्या उंच असतात आणि कठडा एकाच बाजूला, तर कोथरूडच्या जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट नाही. उतरताना कठडा दुबळ्या बाजूला येत असेल तर पाठमोरं उतरणं हा एक उपाय आहे, पण तो थेरपिस्टसमोर शिकल्याशिवाय करू नका. मदतनीस उतरताना खाली, चढताना मागे.

वेग मोजा. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने १० मीटर आखा, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर मोकळे सोडा, म्हणजे सुरुवातीची आणि थांबतानाची चाल मोजली जात नाही. १० मीटरला २५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तूर्त घरातलंच चालणं. २५ ते साडेबारा सेकंद: सोबत घेऊन थोडं बाहेर. साडेबाराच्या आत आलं की बाहेर फिरणं बऱ्यापैकी जमतं. पहिल्यांदा बाहेर नेताना जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ सकाळी लवकर बरा. लक्ष्मी रोड संध्याकाळी मुळीच नको.

## टप्पा ५: हात

पाय सुधारला की घरचे निवांत होतात आणि हात मागे पडतो. हाताला खरं तर सर्वात जास्त सराव लागतो. २००९ च्या एका निरीक्षणात उपचाराच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी फक्त ३२ झाल्या होत्या. मेंदूने नवा मार्ग धरायला याच्या कितीतरी पट पुनरावृत्ती लागते. ती घरीच होणार.

वेळही बघा. २०२१ च्या ७२ पेशंटच्या एका चाचणीत हाताचा २० तासांचा जादा सराव झटक्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी दिला तेव्हा सर्वाधिक उपयोगी पडला, सहा महिन्यांनंतर दिला तेव्हा वेगळा फरक दिसला नाही. नंतर सुधारणा होतच नाही असा याचा अर्थ लावू नका. पण लग्नसराई उरकून मग बघू, असं म्हणण्याचे हे महिने नव्हेत.

चेंडू ठेवून द्या. लकव्याच्या हाताची बोटं आपोआप मिटतात, अडचण असते ती उघडण्याची. मुठी वळायचा सराव करून त्याच ताठरपणाला खतपाणी मिळतं. त्याऐवजी हातात किती हालचाल आहे ते बघून सराव निवडा.

*अजिबात हालत नसेल:* आरशाचा उपचार. कोपरापासून बोटांपर्यंत हात मावेल एवढा आरसा टेबलावर, छातीच्या मधोमध, चांगल्या हाताकडे तोंड करून उभा करा. दुबळा हात आरशामागे. चांगल्या हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा, नाहीतर दिसणारा हात "आपला" वाटत नाही. आरशात बघत चांगला हात सावकाश उघडा-मिटा, मनगट वर-खाली करा, आणि मागे दुबळ्या हाताने तेच करायचा प्रयत्न करा. २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, निदान चार आठवडे. गरगरलं तर थांबा. नजर आरशातून हलली की उपयोग संपला, म्हणून शेजारी गप्पा नकोत.

*थोडी हालचाल असेल:* टेबलावर नॅपकिन ठेवून त्यावर हात पुढे सरकवणं, रिकामा स्टीलचा डबा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, पोळपाटावर दोन्ही हातांनी लाटणं फिरवणं.

*बोटं उघडत असतील:* मटार सोलणं, दोरीवर चिमटे लावणं-काढणं, पत्ते वाटणं, नाणी उचलून डब्यात टाकणं. कमरेवरचं अंग झुकवून किंवा खांदा कानापर्यंत उचलून काम होत असेल तर ते मोजू नका. डबा जवळ घ्या, काम सोपं करा, पण हालचाल खरी हवी.

चांगल्या हाताला हातमोजा घालून दुबळ्याकडूनच कामं करून घेण्याची पद्धत प्रभावी आहे, पण सरसकट नाही. ज्या मोठ्या चाचणीने ती रूढ केली तिच्यात मनगट निदान १० अंश आणि अंगठा व दोन बोटं १० अंश स्वतःहून उघडणारे पेशंटच घेतले होते. तेवढंही उघडत नसेल तर मोजा घालणं म्हणजे माणसाला नुसतं असहाय करणं. आणि मोजा घालून जिना, न्हाणीघर, गॅस यांच्या जवळ जायचं नाही.

तपासणी: मोबाइल उभा करून दर रविवारी त्याच जागी, त्याच तीन कामांचा व्हिडिओ घ्या. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, चार आठवड्यांचे व्हिडिओ ओळीने लावले की कळतो.

## टप्पा ६: मशिनवर पैसे घालण्याआधी

हाताच्या रोबोटवर ब्रिटनमध्ये ७७० पेशंटची चाचणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारापेक्षा हात जास्त कामाचा झाला नाही. २०१६ च्या दुसऱ्या चाचणीत व्हिडिओ गेम खेळणारे आणि पत्ते, बिंगो असले खेळ खेळणारे सारखेच सुधारले. आजीला गेम आवडत असेल तर जरूर खेळू दे. सदाशिव पेठेतल्या आजोबांना चॅलेंज पाच-तीन-दोन मध्ये वाटत असेल तर त्यांच्या हातात पत्तेच द्या.

विकत घेण्याआधी चार गोष्टी पडताळा:

१. मशिन हात हलवतं, की पेशंटला हलवायला लावतं? हवेने बोटं उघडणारे ग्लोव्हज ऑनलाइन भरपूर मिळतात. टीव्ही बघत ते घालून बसलं तर सांधे हलते राहतात, त्यापलीकडे फारसं काही नाही. हवा भरताना पेशंटने स्वतः जोर लावला पाहिजे.
२. करंटचं मशिन टेन्स आहे का? टेन्स दुखणं कमी करायला. स्नायू आकुंचन पावायला लागणारं मशिन वेगळं. निम्म्या घरांत टेन्स लावून "हात का हलत नाही" विचारतात.
३. पुनरावृत्ती मोजली जाते का? न मोजणाऱ्या महागड्या मशिनपेक्षा वहीतल्या काड्या बऱ्या.
४. दोन आठवडे भाड्याने मिळेल का? "आजच घ्या, सूट संपतेय" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

बधिर कातडीवर करंट लावताना पॅडखालची जागा आधी आणि नंतर बघा. पेशंटला चटका कळणार नाही.

## टप्पा ७: माणसांची आखणी आणि व्हिडिओ कॉल

भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवल्याने सहा महिन्यांनंतरच्या निकालात फरक पडला नाही. म्हणून मुलगा-सून मदतीला हवेत, पण थेरपिस्ट बंद करून त्यांच्यावर सगळं ढकलू नका. पेशंट सांभाळायला ब्युरोतून आलेल्या मावशींना थेरपिस्टच्या भेटीच्या वेळेतच बोलवा. उचलायचं कसं, खांदा कसा धरायचा हे त्यांना करून दाखवा आणि करून घ्या. मावशी बदलल्या की परत पहिल्यापासून.

लांब राहणाऱ्यांना व्हिडिओ कॉलवरची थेरपी खरोखर पर्याय आहे. हाताच्या सरावासाठी ती क्लिनिकच्या तोडीची ठरल्याचं २०१९ च्या एका अमेरिकन चाचणीत दिसलं. मोबाइल हातात धरू नका, स्टँडवर बाजूने लावा. उठण्याच्या व्यायामात पावलांपासून डोक्यापर्यंत सगळं दिसलं पाहिजे. उभं राहण्याचा कोणताही सराव घरात दुसरा माणूस नसताना कॉलवर करायचा नाही.

पेशंट व्यायाम टाळायला लागला, सारखा रडतो किंवा गप्प असतो, तर त्याला आळशी ठरवू नका. लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे, न्यूरोलॉजिस्टला सांगा. थकवाही खरा असतो. अवघड सराव सकाळी, दुपारी एक ते चार झोप, संध्याकाळी हाताची कामं, असं वेळापत्रक पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दर चार आठवड्यांनी व्हिडिओ, १० मीटरचा वेळ आणि बीपीची वही घेऊन थेरपिस्टसमोर बसा. दोन वेळा लागोपाठ आकडे जागचे हलले नाहीत तर तोच व्यायाम पुढे रेटू नका. सराव बदलून मागा, ताठरपणा वाढला असेल तर न्यूरोलॉजिस्टची पुढची तारीख अलीकडे घ्या.